एका मातीची जोडी

"आत पाय नगं घालूस वैनी! उंबऱ्याच्या भाईर, भाईर!"

वस्ताद फत्तेसिंगराव आतून खेकसले तशी अंबूबाई दारातच थबकली. डोक्यावर ताकानं भरलेली घागर, कपाळावरनं घामाची धार, आणि वर हे बोलणं. तिचं डोकं तापलंच.

"लगीन हून आल्यापास्नं ताक आणते मी भावजी. पाय कुठवर टाकायचा ते आता शिकिवताय व्हय मला? घ्या घागर आधी, मान मोडाय लागलीय माझी."

"अगं तसं न्हवं. आज हणमंताला शेंदूर लावलाय..."

"मंग लावा की! मी काय पुसाय आलेय?"

आतली पोरं खदाखदा हसली. वस्तादांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटून घागर उतरवून घेतली. बायकांनी गरडीत पाऊल टाकायचं नाही, ही रीत काही आजची नव्हे. गरडी म्हणजे आपली तालीम. म्हैसुराकडं तिला गरडीच म्हणतात. पाडव्याच्या आधी गरडीची माती उपसायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, कापूर कालवायचा, हा सगळ्या मराठीकोप्पलचा सण. आणि ताकाचा मान अंबूबाईच्या घराचा. ती दारापाशी उभी राहून ताक देई आणि तिथूनच आत डोकावून बघे.

मराठीकोप्पल ही म्हैसूरच्या वेशीला टेकलेली वाडी. राजाच्या घोडदळात चाकरीला आलेल्या मराठ्यांची. घोडी गेली, तलवारी गेल्या, जमिनींचे प्लॉट पडले, बोलण्यात निम्मं कानडी शिरलं. राहिली ती ही गरडी. तिच्यावर मात्र सगळी वाडी जीव टाकायची.

आत अंबूबाईचा शरत फावडं मारत होता. सव्वीस वर्षांचा गडी. मातीत पाय रोवून उभा राहिला की बघणाऱ्याचं काळीज सुपाएवढं व्हावं. पहाटे गरडी, दिवसा कुवेंपुनगरातल्या एका जिममध्ये नोकरदारांची पोटं कमी करायची नोकरी, संध्याकाळी पुन्हा गरडी. त्याच्या शेजारी वस्तादांचा नातू पुनीत. तोही चांगला, चपळ, पण शरतच्या हाताखाली पाठ टेकल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे.

तेवढ्यात धुरळा उडवत एक पांढरी गाडी आली. तिच्यातनं काळा चष्मा लावलेला एक माणूस उतरला. बेंगळुरूच्या कुठल्याशा कुस्ती क्लबचा साहेब. त्यांचा नवा संघ उभा राहत होता, टीव्हीवर दाखवायच्या कुस्त्या, मॅटवरच्या. त्यानं उभ्या उभ्या पोरांचा सराव बघितला आणि शरतच्या पाठीवर थाप मारली.

"हा पायजे आम्हाला. ऱ्हाणं, खाणं, परदेशी कोच, महिन्याचा पगार. दुखापत झाली तर दवाखाना आमचा. दोन वर्षांत ह्याचं नाव देशात होईल बघा."

शरतचा चेहरा असा उजळला की अंबूबाईनं तो तसा कधी बघितलाच नव्हता. 

वस्ताद मातीतनं उठले. हात झटकले. "साहेब, ही भाजीमंडई न्हवं. ह्या पोराच्या बापानं ह्या गरडीसाठी पाय घालवलाय. दसऱ्याच्या कुस्त्यांची गदा ह्या वाडीत किती वर्सांत आली न्हाई. औंदा ती हा आणणार. गरडी सोडून पोरगं जायचं न्हाई."

"पोराला तरी विचारा," साहेब म्हणाला.

"मी जातो," शरत हळूच म्हणाला.

"काय म्हणलास?" अंबूबाई बाहेरनं कडाडली. "घरला चल. घरला चल आधी!"

घरी ओट्यावर शिवाजीराव बसलेले. अंबूबाईचा नवरा. एके काळी अख्ख्या म्हैसुरात त्यांच्या नावानं दंड थोपटले जायचे. मग एका दसऱ्याच्या कुस्तीत मांडीचं हाड असं मोडलं की पुन्हा जुळलंच नाही. तेव्हापासून ओटा, काठी आणि तंबाखू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे की त्याला."

"जाऊ दे? तुमी म्हणताय हे?"

"मीच म्हणणार. मला बी बोलावणं आलं व्हतं दावणगेरेहून. ऱ्हायलो. काय झालं? पाय मोडल्यावर गरडीनं चार दिस फळं पाठिवली. पाचव्या दिशी माझ्या जागी दुसरा शड्डू ठोकत व्हता."

अंबूबाई चुलीपुढं बसली होती. नाचणीचा मुद्दा, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, घोटायचं लाकूड तिनं तसंच पातेल्यात रोवून ठेवलं. तिला हे ऐकवेना. एवढी वर्षं ती ह्या माणसाला आंघोळ घालत होती, काठी हातात देत होती, आणि म्हशीचं दूध चामराजपुरमच्या घराघरांतनं घालून संसार ओढत होती. कशाच्या जोरावर? तर आपल्या नवऱ्यानं पैशाकडं बघितलं नाही, गरडी सोडली नाही, ह्या एका जोरावर. बाजारात बायका वाट देत तिला. शिवाजीरावांची बायको म्हणत. आता पोरगं निघून जाणंच बरोबर असेल, तर मग त्या पायाचं काय?

"मंग तुमचा पाय कशापायी गेला?" ती म्हणाली. "सांगा की. कशापायी?"

शिवाजीराव तंबाखू मळत राहिले.

शरत म्हणाला, "अम्मा, मी काय चोरी कराय चाललोय? कुस्तीच खेळणार न्हवं?"

"दुसऱ्याच्या मातीत!"

"माती न्हाईच तिथं. मॅट हाय."

"तेच म्हणते मी! माती बी न्हाई!" अंबूबाईचा आवाज फाटला. "बापाच्या पायाची आण हाय तुला. उद्या गरडीत हणमंतापुढं उभं ऱ्हायचं आणि म्हणायचं, मी ह्या गरडीचाच. मी दाराशी उभी ऱ्हाऊन ऐकणार. न्हाई म्हणलास तर ह्या घरचं अन्न तुला गोड लागायचं न्हाई, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी शरत हणमंतापुढं उभा राहिला आणि म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, दारापर्यंत ऐकू येईल असं. अंबूबाईनं पदरानं डोळे पुसले. वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असं पोरगं नशिबानं मिळतं वैनी." त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं. शरतनं मात्र अर्ध्यावर ताट सारलं.

पुढं आषाढात काय झालं ते ऐका. अंबूबाई वस्तादांच्या घरी दूध घालायला गेली, तर त्यांची बायको भागीरथीबाई ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेली, तोंडभर हसत.

"ये गं अंबू, बघ आमचा पुनीत. वळखू येतोय काय तरी?"

मोबाईलमध्ये पुनीत. निळी गंजी, छातीवर बेंगळुरूच्या क्लबाचं नाव, मागं तो काळ्या चष्म्याचा साहेब.

"हा तर... देवीच्या जत्रंला गेलता न्हवं, आत्याकडं?"

"अय्यो, जत्रा कुठली! ह्येंनीच फोन केलता साहेबाला. म्हणले, तो न्हाई तर हा घ्या, माझ्या रक्ताचा हाय..." आणि मग भागीरथीबाईच्या ध्यानात आलं, आपण कुणापुढं बोलतोय. तिनं मोबाईल पदराखाली घेतला.

अंबूबाईनं दुधाची किटली तिथंच टेकवली आणि तरातरा गरडीच्या दारात जाऊन उभी राहिली. एवढ्या मोठ्यानं बोलली की आतली पोरं जोर मारायची थांबली.

"भावजी, भाईर या! माझ्या पोराला हणमंतापुढं उभं केलंत आणि तुमच्या नातवाला गाडीत बसवून धाडलंत? माझं तेवढं गरडीचं आणि तुमचं तेवढं घरचं, असं हाय व्हय?"

वस्ताद बाहेर आले. वाडी जमली होती. एवढ्या लोकांपुढं माणूस काय बोलणार? त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"त्याच्या आईनं हट धरला. पोरगं ऐकंना. फोन म्याच केला, चुकलो. गेला तो. वैनी, सगळ्यांदेखत सांगतो, गरडी सोडून गेला तो माझा न्हवं. म्या त्याच्या नावानं आंघोळ केली. दसऱ्याला शरतपुढं उभा ऱ्हायला तर खुशाल त्याची पाठ लावा. मी टाळी वाजवीन."

हे ऐकून अंबूबाईचा राग निम्मा उतरला. ती तशीच होती. शब्द दिला की तिला पुरे. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "म्हातारा चुकला, पर खरं बोलला. आता दसऱ्यालाच बघूया, कोण कुठं पोचलं ते."

शिवाजीराव नुसतं "हूं" म्हणाले.

मग त्या घराला दुसरा विषय राहिला नाही. दसरा, गदा आणि शरत. म्हशीचं अर्धं दूध विकायचं बंद झालं, ते शरतच्या पोटात जाऊ लागलं. नाचणीचे मुद्दे, तूप, बदाम. जिमची नोकरी सुटली, कारण आता दिवसभरच्या सरावात तिला वेळच उरेना. अंबूबाई म्हणाली, "सुटू दे. गदा आली की नोकऱ्या दाराशी येतील." शेतातली नाचणी कणसावर आली, हस्ताचा पाऊस सुरू झाला, आणि म्हैसुरात दसऱ्याचे दिवे लागले.

कुस्त्यांच्या आधी जोड्या लावायचा दिवस असतो. सगळ्या गरड्यांचे वस्ताद आपापली पोरं घेऊन येतात, पंच मंडळी पोरांची उंची, वजन, तयारी बघतात, दोघांना समोरासमोर उभं करतात, हात मिळवायला लावतात. हात मिळाले की जोडी पक्की. ह्यात एक जुनी रीत अशी, की एका गरडीची दोन पोरं भर आखाड्यात एकमेकांशी लढत नाहीत. एका मातीत लोळलेली ती भावंडं, त्यांची जोडी लागत नाही.

अंबूबाई चामराजपुरमचं दूध घालून तशीच तिकडं आली. पावसानं सगळा चिखल झालेला. दोरीच्या अलीकडं उभी राहून ती मान उंच करून बघत होती. बायका अशा ठिकाणी येत नाहीत, पण तिला कोण अडवणार?

गदेच्या कुस्तीची वेळ आली. पंचांनी शरतला पुढं बोलावलं. अंगरखा काढून तो उभा राहिला तशी लोकांत कुजबुज झाली. मग नाव पुकारलं, पुनीत. निळी गंजी घातलेला पुनीत पुढं आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मराठीकोप्पलची पोरं तर नाचायलाच लागली. अंबूबाईनं हात जोडले. हीच जोडी तिनं देवाकडं मागितली होती.

पुनीतनं शरतकडं बघितलं आणि नजर खाली घातली. पंच म्हणाले, "हात मिळवा."

"थांबा!"

वस्ताद फत्तेसिंगराव चिखलातनं पुढं आले. "ही जोडी लागत न्हाई. दोघं बी माझ्या गरडीचे. एका मातीची पोरं हायत."

"हा तर बेंगळुरूच्या क्लबाकडनं आलाय," एक पंच म्हणाला.

"क्लब काल-परवाचा. माती माझी. माझा नातू हाय तो, रक्त बदलतं काय? रीत म्हंजी रीत."

पंचांनी आपसांत माना हलवल्या. रीत खरी होती. "गदेची कुस्ती एकच. मग एकाला बाजूला घ्या वस्ताद. कुणाला ठेवताय?"

वस्तादांनी शरतकडं बघितलं नाही. "पुनीतला ठेवा," ते म्हणाले. दोरीपलीकडं काळ्या चष्म्याचा साहेब मोबाईलमध्ये बघत उभा होता.

अंबूबाई दोरीखालनं आत शिरली. कुणी तरी "अहो बाई, अहो बाई" म्हणालं. तिला ऐकू आलं नाही.

"भावजी, तुमी त्याच्या नावानं आंघोळ केली व्हती! सगळ्या वाडीपुढं! तवा तो तुमचा न्हवता, आणि आज गदा दिसल्यावर झाला व्हय तुमचा?"

"वैनी, सुम्ने ऱ्हा. गप ऱ्हा. रागाच्या भरात माणूस बोलतो. पुढच्या साली शरतला..."

"पुढच्या साली तो कुठं आणि गदा कुठं! माझं पोर त्याला रोज लोळवत व्हतं, हे तुमाला ठावं हाय. म्हणूनच भ्यालात. थू तुमच्या जिंदगानीवर!"

पुनीत पुटपुटला, "अज्जा, ऱ्हाऊ दे की. मी खेळतो शरतण्णाशी."

"तू गप," वस्ताद म्हणाले.

सगळ्यांत म्हाताऱ्या पंचानं हात वर केला. "भांडण नको. रीत वस्तादाची, पण अंग पोराचं. पोरानं सांगावं. ए पोरा, तू ह्या गरडीचा आहेस? नाही म्हणालास तर तू मोकळा. आत्ता हात मिळव, जोडी लावतो."

झालं. एका शब्दाचं काम होतं. अंबूबाई शरतपाशी गेली, त्याचे दोन्ही दंड धरले. 

"म्हण बाळा. न्हाई म्हण. म्हण की, मी ह्या गरडीचा न्हाई. मी सांगते न्हवं? तुझी आईच सांगते. बापाची आण मी घातली, मीच सोडवते. म्हण!"

शरतनं तिच्याकडं बघितलं, मग वस्तादांकडं, मग आपल्या पायांकडं. पावसाचे थेंब त्याच्या पाठीवरनं ओघळत होते. 

"हाय," तो म्हणाला. "मी ह्या गरडीचाच हाय."

त्यानं अंगरखा उचलला आणि लोकांतनं वाट काढत निघून गेला.

बसस्टॉपवर अंबूबाईनं त्याला गाठलं. तिनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती मोठ्यानं रडू लागली. येणारे जाणारे बघत होते.

"मेल्या, एक शब्द! एक शब्द जड झाला तुला? कुणासाठी ऱ्हायलास? त्या म्हाताऱ्यासाठी?"

"न्हाई."

"मंग?"

"अम्मा, न्हाई म्हणलो असतो, जिंकलो बी असतो. मंग ती गदा घेऊन कुणाच्या दारात गेलो असतो? आप्पाचा पाय मग कशापायी गेला म्हणायचं? तूच हणमंतापुढं उभं केलंस मला. तवा मी मनात रडत म्हणलो व्हतो गं. आता ते आतच शिरलंय, निघत न्हाई. मी तरी काय करू?"

 बस आली. खिडकीपाशी ती सगळी वाट तोंडावर पदर दाबून बसली होती.

घरी शिवाजीरावांना सगळं सांगितलं. ते शरतला म्हणाले, "ये, बस हितं माझ्याजवळ." आणि तंबाखूची चंची पुढं केली. शरतनं आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू तोंडात टाकली. ते दोघं एका ओट्यावर बसलेले बघून अंबूबाईच्या काळजाचं पाणी झालं.

पुनीत जिंकला. त्याच्यापुढं आणलेला गडी कुठल्याशा लांबच्या गावचा, अर्धा दमलेला. चांदीची गदा मिळाली, टीव्हीवर मुलाखत झाली. मुलाखतीत वस्ताद म्हणाले की आमच्या गरडीत निष्ठा शिकवतात, पैसा दुसरा. कोप्पलच्या कमानीवर मोठा फलक लागला. पुनीत मध्ये, वस्ताद डाव्या अंगाला, काळ्या चष्म्याचा साहेब उजव्या. शरतचं नाव खाली बारीक अक्षरांत, शुभेच्छा देणाऱ्यांच्या गर्दीत.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. हलगी, तुतारी, फटाके. जिंकलेल्या गड्याला गरडीतल्या गड्यानं खांद्यावर घ्यायचं आणि घरोघर फिरवायचं, प्रत्येक दारात सुवासिनीनं कुंकू लावून ओवाळायचं. अंबूबाई दाराला कडी घालून आत बसली होती.

"दार उघड," शिवाजीराव म्हणाले. "वाडीत ऱ्हायचंय आपल्याला."

"मी न्हाई ओवाळायची त्याला. माझा जीव गेला तरी."

हलगी दाराशी येऊन थांबली. बाहेरनं हाका सुरू झाल्या. शेवटी ती उठली, ताट घेतलं, कडी काढली. आणि बघते तर काय, पुनीत गदा घेऊन वर, आणि त्याला खांद्यावर घेतलेला शरत.

 दुसरं कुणी नव्हतं व्हय? पण खांदा द्यायचा तर तो सगळ्यांत तगड्या गड्यानं, आणि कोप्पलात शरतपेक्षा तगडा कोण होता? शरतच्या कपाळावर घाम होता, हलगीच्या ठेक्यावर पाय टाकून टाकून पोटऱ्या फुगल्या होत्या.

अंबूबाई पुढं झाली. कुंकवात बोट बुडवलं आणि शरतच्या कपाळाला लावलं. ठसठशीत. मग त्यालाच ओवाळलं. हलगीवाला थांबला. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"वैनी, वर!" वस्ताद घाईघाईनं म्हणाले. "वरच्याला, वरच्याला लावा!"

"एवढ्या वर हात पोचत न्हाई माझा भावजी," ती म्हणाली. "माझा ज्याला पोचतो त्याला लावलं."

कोपऱ्यात कुणी तरी फिसकन् हसलं. वस्तादांचं तोंड उतरलं. पुनीत वर अवघडून बसला होता, त्याला खाली उतरताही येईना. क्षणभर अंबूबाईला बरं वाटलं. किती महिन्यांनी बरं वाटलं.

"अम्मा," शरत म्हणाला. "गरडीचा मान हाय."

आणि त्यानं दोन्ही गुडघे वाकवले. पुनीतला खांद्यावर तसाच सांभाळत, दात आवळत, तो सावकाश खाली बसत गेला, पुनीतचं कपाळ आईच्या हातापाशी येईपर्यंत. त्याच्या मांड्या थरथरत होत्या. अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो वाट बघत होता.

तिनं पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि पुनीतला लावलं. हलगी सुरू झाली. शरत उठून उभा राहिला आणि पुढच्या दाराकडं निघाला.